बुधवारचं केळवण

खराडीत तेव्हा जिकडेतिकडे काचेच्या इमारती उठत होत्या आणि प्रत्येकीच्या तळमजल्यावर फ्राईड चिकनचं एक नवं दुकान उघडत होतं. लाल खुर्च्या, पिवळे दिवे, भिंतीवर इंग्रजीत काहीतरी विनोदी लिहिलेलं. चिकन मात्र दर ठिकाणी वेगळं. कुठे वरून कोळसा आणि आत कच्चं, कुठे नुसतंच पीठ. मी आणि माझी मैत्रीण ऑफिसात शेजारी शेजारी बसून दिवसभर लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायचो. संध्याकाळी तीच खोड घेऊन या दुकानांत शिरायचो.

ती धायरीची, तिथल्या जुन्या शेतकरी घरातली. त्यांच्या शेतावर आता बिल्डरचे टॉवर होते आणि एका टॉवरला तिच्या पणजोबांचं नाव होतं. मी बिबवेवाडीची. आम्ही बौद्ध. हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. पुण्यात आडनाव सांगितलं की पुढचं कुणी विचारत नाही, सगळ्यांना सगळं समजतं.

तिच्या घरी वार पाळायचे. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार मांसमच्छी बंद, श्रावणात तर बोलायलाच नको. म्हणून आमचा बेत बुधवारी, नाहीतर शुक्रवारी.

"बुधवारी देवाला सुट्टी असते का गं तुमच्यात?" मी विचारायची.

"गप बस आणि खा, लेग पीस गार होतोय."

लेग पीसवरून आमची खरी भांडणं व्हायची. मी अर्धा खाऊन ठेवला की ती खुशाल उचलायची. "अगं, उष्टा आहे माझा!" म्हटलं तर म्हणायची, "मग काय, विष आहे?" आणि हाडापर्यंत साफ करायची. तोंड भाजलं की शेजारच्या दुकानात फ्रोझन योगर्ट. चक्का फ्रीजरमध्ये विसरला की हेच होतं, असं माझं मत. तिला मात्र ते भारी आवडायचं. कागदाचा एक कप, वर डाळिंबाचे दाणे, दोन चमचे. कपाच्या तळाशी आमचे चमचे एकमेकांवर आपटायचे.

मी तिला घरी बोलवत नव्हते असं नाही. कितीदा बोलावलं. पण रविवारी मी मोकळी असले तर तिच्याकडे पाहुणे असायचे, आणि एरवी नेमका वार यायचा. मला त्यात कधी काही वाटलं नाही. आईला वाटलं. आईची सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली.

"माझ्या ऑफिसातसुद्धा मी डबा उघडला की बऱ्याच जणींना उपवास असायचे," ती एकदा हसत म्हणाली.

मी भडकले. "ती तसली नाहीये, आई."

"नसेल तर चांगलंच आहे की."

मग तिचं लग्न ठरलं. मुलगा बंगळूरला, म्हणजे ती कायमची तिकडे जाणार. मी उदास होऊन घरी आले, तर आई लगेच कामाला लागली. "तिचं केळवण करायचं. एवढी जिवाभावाची मैत्रीण सासरी चाललीय आणि आपण तिला जेवायला बोलवायचं नाही म्हणजे काय?"

मलाही तेच हवं होतं. दुसरं काही नको होतं मला. जायच्या आधी तिनं एकदा माझ्या आईच्या हातचं खावं, बस्स. त्यातून आईला दाखवायचं होतं की बघ, ही तसली नाही.

आईनं कॅलेंडर उतरवून टेबलावर ठेवलं आणि चष्मा लावून बसली. बुधवार हवा. संकष्टी नको, एकादशी नको, अमावास्या नको. आमच्या घरात यातलं काहीही पाळत नाहीत, पण त्या दिवशी आईनं भटजीसारखा मुहूर्त काढला. मग मला म्हणाली, "तुम्ही काय खाता ते मला एकदा चाखव." मी तिला खराडीला घेऊन गेले. त्या लाल खुर्चीवर पदर सावरून बसली, एक तुकडा मन लावून खाल्ला आणि म्हणाली, "ताकात भिजवलेलं दिसतंय. जमेल." योगर्टचा कप तिनं उन्हात धरून सगळ्या बाजूंनी न्याहाळला.

दोन दिवस आमचं स्वयंपाकघर प्रयोगशाळा झालं होतं. चिकन ताकात मुरत पडलं, लाटण्यानं कॉर्नफ्लेक्स कुटले गेले, नळाला दह्याचं फडकं लोंबकळायला लागलं. ते दही साखर घालून फ्रीजरमध्ये ठेवायचं, अधूनमधून काढून घोटायचं, पुन्हा ठेवायचं.

"एवढं कशाला?" मी म्हटलं.

"असू दे गं. समजा निघालाच एखादा उपवास, तर दही चालतं." तिनं मान वर न करता सांगितलं.

बुधवारी मैत्रीण आली. नवीन ड्रेस, हातात पेढ्यांचा बॉक्स. आईनं ताटाभोवती रांगोळी काढली होती. घरभर तळणीचा वास सुटला होता. ती सोफ्याच्या कडेला टेकली आणि तिथूनच म्हणाली, "काकू, सॉरी हं. आज माझा उपवास आहे. आईनं लग्नाचा काहीतरी नवस बोललाय."

"अगंबाई! मग आधी कळवायचं नाही का?" आई म्हणाली. "काही हरकत नाही. दही आहे. नुसती साखर आणि वर डाळिंब. उपवासाला चालतं ते."

आईनं काचेचा बाऊल तिच्यापुढे ठेवला. ठेवणीतला, पाहुण्यांचा. तिनं बाऊलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"नको काकू."

"एक चमचा तरी घे, बाळा."

"खरंच नको."

बाऊलला बाहेरून घाम फुटला. डाळिंबाचे दाणे एकेक करून आत बुडायला लागले. मला तिच्यावर ओरडावंसं वाटत होतं. आईनं मला हळूच आत बोलावलं.

"कोपऱ्यावरच्या दुकानातून तिच्यासाठी योगर्टचा कप घेऊन ये," ती म्हणाली. "बाहेरचं खाईल ती."

"मी नाही जाणार. जाऊ दे तिला तशीच."

"केळवणाला आलेली मुलगी आहे. आपल्या दारातून उपाशी नको जायला. जा, माझ्यासाठी जा."

मी गेले. आमच्या कोपऱ्यावरही तोवर तसलं एक दुकान निघालं होतं. डाळिंब घाला, म्हणून सांगितलं. राग इतका आला होता की मुसमुसायला लागले, आणि तरीही दाणे जास्त घाला, असं मीच म्हणत होते. तिची आवड मला पाठ होती ना.

तिनं तो खाल्ला. झाकण काढून, लाकडी चमच्यानं, तळापर्यंत सगळा खाल्ला. तेच दही, तीच साखर, तेच डाळिंब. खाताना तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि आई समोर बसून, पोटभर जेवणाऱ्या लेकीकडे बघावं तशी बघत होती. मग आईनं तिला साडी दिली. तिनं वाकून नमस्कार केला. साडी घेतली तिनं. पायांनाही हात लावला.

जिन्यात तिनं माझा हात धरला. "तुझं उष्टं खाल्लंय मी. माझ्या मनात काही नाही गं, तुला माहितीये."

"मग आज काय झालं?"

"आई पहिल्यापासून सांगते. बाहेर तिच्याबरोबर काय खायचं ते खा, त्यांच्या घरचं नको. आज निघताना तर शपथच घातली. लग्नाच्या तोंडावर मला घरात तमाशा नको होता."

"म्हणजे वार वगैरे?"

"वार खरे आहेत," ती म्हणाली. "सगळेच नाही."

इतकी दुकानं आम्ही का पालथी घातली, ते मला त्या जिन्यात कळलं. मला वाटत होतं, आम्ही चांगल्या चिकनच्या शोधात आहोत.

"बरं झालं," मी म्हणाले, "बंगळूरलाही दुकानं भरपूर आहेत." आणि हात सोडवून घेतला. लग्नाला मी गेले नाही. तिचे फोन आले, मी उचलले नाहीत. अजूनही लाल खुर्च्यांचं दुकान दिसलं की मी रस्ता ओलांडून पलीकडे जाते. तिची आठवण येते, फार येते, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

त्या दिवशी जिन्यातून वर आले तेव्हा आई रांगोळी पुसत होती. चिकनचं ताट झाकून ठेवलेलं. बाऊलमधलं दही विरघळून पातळ झालं होतं. मी तो बाऊल ओढून घेतला आणि उभ्याउभ्याच खायला लागले. सगळं संपवलं.

आईनं रांगोळीचं फडकं झटकलं. माझ्याकडे न बघता विचारलं, "दुकानातल्यासारखं झालं होतं का गं?"

"अगदी तसंच," मी म्हणाले.