ढिगातला शेवटचा जोड

नात कोल्हापुरात मास्तरीण झाली. परवा फोनवर म्हणाली, "आज्जी, उद्या पोरांना न्याय शिकवणार. सगळ्यांच्या चपलांचा ढीग करायचा, हाताला लागेल तो जोड घालायचा. मग कळतं, सगळ्यांना सारखं म्हणजे न्याय नव्हे. तू केलतंस का असलं काही?"

"केलतं की." फोनवर एवढंच बोलले. बाकीचं इथं लिहिते.

कोडोलीच्या पुढं एका खेड्यात चौथीचा वर्ग. मी तेविशीची. डोक्यात समता, खांद्याला पर्स, पायात नवी करकरणारी कोल्हापुरी. वर्गात दोघं अनवाणी यायची, त्यांची भरपाई म्हणून माझीही ढिगात टाकली. केवढा तो त्याग! पोरं तिच्यावर तुटून पडली. एकजण ती घालून बाईंसारखा ठुमकत चालला. सगळा वर्ग हसला, मीही हसले.

शेवटी एकच जोड उरला, लाल गोंड्याचा. पोरांचे बाकी सगळे रबरी, हा चामड्याचा, देखणा. समोर एक पोरगा अनवाणी उभा.

"घाल की रे."

"नगं बाई. तिचं हाय ते. आई घरात घ्याची न्हाय."

ती म्हणजे गावाच्या चपला शिवणाऱ्याची लेक. आपला जोड टाकल्यावर परत ढिगाकडं गेलीच नव्हती. रोज दाराशी बसायची. मला वाटायचं, पोरीला वारा आवडतो. असली मी हुशार!

ती माझ्याकडं बघत होती. पोरांकडं नाही, माझ्याकडं. तो जोड उचलून पोराच्या हातात द्यायचा, एवढंच काम होतं. मी टेबलावरची फूटपट्टी घेतली आणि पट्टीनंच जोड पोरीकडं सरकवला.

ती चांगली मोठ्यानं म्हणाली, "बाई, तुमचं पायताणबी माझ्या बानंच शिवलंय."

"गप बस. तास चालू आहे," समतावाल्या बाई म्हणाल्या. फळ्यावर 'न्याय' लिहून खाली दोन रेघाही मारल्या.

सगळ्याच चपला मी पट्टीनं सरकवत होते, असं पुढं कितीतरी दिवस स्वतःला सांगितलं. खोटं. बाकीच्या ढिगातून मी हातानंच सोडवून दिल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून ती अनवाणी यायला लागली. मार्चचं ऊन, डांबर चटके द्यायचं.

"चपला कुठायत गं?"

"घरात हाईत."

परीक्षा संपेपर्यंत रोज तेच उत्तर. मग मी विचारायचं सोडलं.

माझी कोल्हापुरी मात्र पुढं तीन वर्षं टिकली. शिलाई पक्की होती.