स्लॅबच्या दिवशी झालेला संप

आमच्या घराण्यात आजवर एकच संप झाला. तो मी चुकून केला, आणि घाबरून मीच मोडला.

गोष्ट २००९ सालची. आम्ही मूळचे परभणीकडचे. मी कोथरूडच्या एका पतपेढीत कर्ज विभागात होतो आणि भूगावला फ्लॅट घेऊन आम्हाला जेमतेम वर्ष झालं होतं. माझ्या स्वभावाबद्दल एवढंच सांगतो की बसमध्ये कुणी माझ्या पायावर पाय दिला, तर "सॉरी" मी म्हणतो. (राँग नंबर लागून एकदा एका बाईंचा फोन आला. त्यांचे भाऊजी आमच्याकडे राहत नाहीत, याबद्दल मी त्यांची दोनदा माफी मागितली.) जगात जे काही वाईट चाललंय त्यात आपला थोडाफार हात असणारच, असं मला लहानपणापासून वाटत आलंय. माझी बायको सुनंदा म्हणते, "हात कसला असतोय तुमचा? तुम्ही नुसते तिथे उभे असता!"

तर आमची मुलगी मुक्ता तेव्हा पुण्यात पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला होती. एके दिवशी ती हातात मावेल एवढा रेकॉर्डर घेऊन घरी आली आणि म्हणाली, "बाबा, आम्हाला पॉडकास्ट करायचाय. विषय आहे, कामगारांचे प्रश्न."

"पॉडकास्ट म्हणजे?"

"रेडिओसारखंच असतं. पण रेडिओवर नसतं."

"मग कुठे असतं?"

"कॉम्प्युटरवर ठेवायचं. ज्याला ऐकायचं तो ऐकेल."

"आणि कुणालाच नाही ऐकायचं म्हणाले तर?" सुनंदाने स्वयंपाकघरातून विचारलं. हा प्रश्न मुक्ताच्या सरांनाही सुचला नसावा.

कामगार शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्या शेजारच्याच प्लॉटवर इमारत उठत होती. जमीन तात्यांची. तात्या म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या भूगावात राहिलेलं, एकेकाळी तिथे भात लावणारं, आता बिल्डरला जमीन देऊन त्याच इमारतीला वाळू, खडी आणि माणसं पुरवणारं बडं प्रस्थ. आमच्या सोसायटीला पाण्याचा टँकरही त्यांचाच यायचा. थोडक्यात, आमची अंघोळ तात्यांच्या हातात होती.

त्या साइटवरच्या गयाबाईला मुक्ताने बोलतं केलं. म्हणजे रेकॉर्डर समोर धरला. पुढे गयाबाईला थांबवणं हेच काम उरलं. ती आमच्याच मुलखातली, जिंतूरकडची. धिप्पाड बाई, आवाज असा की काँक्रीटचा मिक्सर बंद करायची गरज नाही. रात्री जेवताना मुक्ताने आम्हाला ते ऐकवलं. आधी सगळं हसण्यासारखंच होतं. मुकादमाची नक्कल, खडीवाल्याची नक्कल. मग मुक्ताने विचारलं, "तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?"

"मुताया जायाचा," गयाबाई म्हणाली. माझा घास हातातच राहिला. "हास नको, पोरी. गड्यायचं बरं हाय, भिंत दिसली की झालं. बायांनी कुठं जावं? चहूकडून बिल्डिंगी. वरून लोक खिडकीत. पहाटं जायाचं, मंग एकदम अंधार पडल्यावर. म्हनून मी दिवसभर पानीच पीत नाही. उन्हात घमेली वाहायची आन पानी प्यायचं नाही. कर बरं तू एक दिवस!"

त्या रात्री मी बाथरूमला गेलो आणि दार लावताना मला चोरी केल्यासारखं वाटलं. आमची इमारत बांधतानाही अशाच बाया असणार. त्या कुठे जात होत्या? आम्ही फ्लॅट बघायला आलो तेव्हा हे विचारलं नव्हतं. आम्ही विचारलं होतं, "मोठ्या बेडरूमला जोडूनच आहे ना?"

मी अशा मनःस्थितीत असताना मुक्ता म्हणाली, "बाबा, सुरुवातीला मागे घोषणांचा आवाज हवाय. मोर्चासारखा. आमच्या ग्रुपमध्ये तिघी मुली, आवाज सगळा किनरा येतोय."

"मी देतो घोषणा!" मी म्हणालो. मला वाटलं, गयाबाईसाठी एवढं तरी आपण करावं. (माझं प्रायश्चित्त नेहमी असंच असतं: ज्याला त्याचा उपयोग व्हायला हवा, त्यालाच तो होत नाही.)

रविवारी सकाळी आम्ही गच्चीवर गेलो. मी, सुनंदा, मुक्ता आणि तिच्या दोन मैत्रिणी. घोषणा साधी ठेवली होती. मी म्हणायचं, "आमच्या मागण्या..." आणि बाकीच्यांनी म्हणायचं, "मान्य करा!" मागण्या कोणत्या, ते ठरवलं नव्हतं. आवाजाशीच तर काम होतं.

"आमच्या मागण्या..." मी सुरुवात केली.

"बाबा, हे तुम्ही विनंती अर्ज वाचताय."

"आमच्या मागण्या!"

"आता कुणाचंतरी कर्ज नामंजूर करताय," सुनंदा म्हणाली. "जरा चिडा की! टँकर आला नाही असं समजा!"

मी डोळे मिटले. गयाबाई डोळ्यांसमोर आणली. पाणी न पिता भर उन्हात घमेलं उचलणारी. आणि मग माझ्या पोटातून जो आवाज निघाला, तो माझ्या ओळखीचा नव्हता.

"आमच्या मागण्याऽऽ!"

"मान्य कराऽऽ!"

उत्तर एवढं दणदणीत आलं की मी दचकून डोळे उघडले. आमच्या चौघींची तोंडं अजून उघडायची होती. उत्तर शेजारच्या इमारतीवरून आलं होतं!

त्या दिवशी तिथे स्लॅब होता, हे आमच्या ध्यानातच नव्हतं. ज्यांनी स्लॅब, म्हणजे छताचं काँक्रीट, पडताना पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: तो एकदा सुरू झाला की थांबवता येत नाही. मिक्सरमधून माल निघतो, घमेल्यांची रांग तो वर पोचवते, आणि माल सुकायच्या आत सगळं संपवावं लागतं. म्हणून रविवार असो नाहीतर दिवाळी, स्लॅबच्या दिवशी कुणी हात थांबवत नाही. आणि आता खालपासून वरपर्यंत सगळी रांग आमच्याकडे तोंड करून उभी होती. घमेली हातातल्या हातात. मिक्सर बिचारा एकटाच गरगरत होता.

"बाबा, परत!" मुक्ता रेकॉर्डर उंचावून ओरडली. तिचे डोळे चमकत होते.

मला तेव्हाच थांबता आलं असतं. पण खरं सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोलण्याला एवढी माणसं एकदम उत्तर देत होती. मी मूठ वर केली. (मूठ वर करताना अंगठा आत ठेवायचा की बाहेर, हाही विचार मनात आला.) आणखी दोनदा ओरडलो. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे निकम गच्चीवर आले. ते हिंजवडीला आयटीत.

"पाठक काका, टँकरचा इश्यू ना? ग्रेट! कुणीतरी स्टँड घ्यायलाच हवा होता!" आणि त्यांनीही मूठ वर केली. त्यांच्यामागून आणखी चार बिऱ्हाडं आली. ज्याने त्याने आपापली मागणी मनात धरली आणि सगळे मिळून ओरडू लागले. एक वहिनी तर लिफ्टसाठी ओरडत होत्या, असं नंतर कळलं.

मग खाली तात्यांची बुलेट वाजली.

"आरं माल सुकतुया आन तुमी हात बांधून हुबे? कुनी लावलाय ह्यो तमाशा?"

सगळ्या साइटने आमच्या गच्चीकडे बोट दाखवलं. मी मागे वळून पाहिलं. निकम नव्हते. चार बिऱ्हाडंही नव्हती. ओल्या कपड्यांच्या दोऱ्या तेवढ्या हलत होत्या.

"पाठकसाहेब? तुमी व्हय?" तात्यांना राग येण्याआधी आश्चर्यच वाटलं. "या बरं खाली!"

मी खाली गेलो. चार जिने उतरताना माझा आवाज मजल्यागणिक गळत गेला. खाली कुंपणाच्या पलीकडे गयाबाई पुढे येऊन उभी होती.

"तात्या, मागनी एकच हाय," ती म्हणाली. "बायांला संडास बांधून द्या. चार पत्रे उभे करा, बास. दादा आमच्यासाठीच वरडायलेत. मानूस आमच्या गावाकडचा हाय!"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आसं हाय का साहेब?"

इथे "हो" म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम. पण मला एकाच वेळी टँकर, सोसायटीची टाकी, आणि बादल्या घेऊन आमच्या दारात उभे असलेले सगळे शेजारी दिसले.

"गैरसमज होतोय तात्या," मी म्हणालो. "ते खरं नव्हतं. मुलीच्या कॉलेजचं रेकॉर्डिंग होतं. आमच्या मागण्याच नाहीत. आम्ही अगदी समाधानी आहोत. सॉरी."

गयाबाई माझ्याकडे बघत राहिली. "मंजे तुमी लटकंच वरडत होते?"

रांगेत कुणीतरी हसलं. तात्यांना तेवढंच पुरलं.

"झालं नाटक? चला, घमेली उचला! आन गया, आजचा स्लॅब कर पुरा. उद्यापासून येऊ नगंस."

तिने डोक्यावरची चुंबळ नीट केली आणि घमेलं उचललं. मिक्सरचा आवाज पुन्हा भरून आला. संप संपला.

दुपारी घरी मुक्ता कॉम्प्युटरसमोर बसून रेकॉर्डिंग ऐकत होती. मी जवळ गेलो तेव्हा एवढंच म्हणाली, "बाबा, तुमचा आवाज छान आलाय. खाली जाईपर्यंत."

मला वाटत होतं, तिने ओरडावं, रडावं. तिने कानात इअरफोन घातले. तिचा अभ्यास होऊन जाणार होता, मला उद्याही पाणी येणार होतं. आणि ज्या बाईचा प्रश्न आम्ही मांडत होतो, तिचं काम तेवढं आम्ही घालवलं होतं. कामगारांचा प्रश्न मी तोवर पेपरात वाचला होता. त्या दुपारी तो प्रश्न म्हणजे मीच होतो.

संध्याकाळी सुनंदाने माझ्यापुढे चपला आणून टाकल्या. "चला. माफी मागायची एवढी हौस आहे ना? मग जिथे मागायची तिथे मागा. मुक्ता, तूही चल."

तात्या नव्या बंगल्याच्या ओसरीत झोपाळ्यावर बसले होते. स्लॅब निर्विघ्न पडला होता, त्यामुळे मूड चांगला होता. त्यांच्या सूनबाईंनी चहा आणला. मी घरून पाठ करून आलेलं भाषण सुरू केलं: "तात्या, चूक माझी आहे. गयाबाईचा त्यात काही..."

"च्या घ्या, च्या घ्या," तात्या म्हणाले. त्यांचं लक्ष मुक्ताच्या हाताकडे होतं. "ह्ये काय गं पोरी? रेडू?"

"रेकॉर्डर आहे, तात्या. आम्ही मुलाखती घेतोय. कॉम्प्युटरवरून जगात कुठेही ऐकू येतात."

"जगात?" तात्या सावरून बसले. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर होती आणि ते उभे राहणार, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. "मंग आमची न्हाई घेनार?"

मुक्ताने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रेकॉर्डरचा लाल दिवा लागला.

"तात्या, तुमच्याकडे एवढी माणसं कामाला आहेत. त्यांची काळजी कशी घेता?"

तात्यांनी घसा साफ केला. "कसं हाय, आमी सोता मातीतली मानसं. कामगार मंजी आमाला घरच्यावानी. प्यायला पानी हाय, पोरास्नी सावली हाय, बायांस्नी समदी सोय हाय!"

"सोय म्हणजे संडास?"

"व्हय तर!"

"कुठे आहे?"

झोपाळा थांबला. तात्यांनी रेकॉर्डरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा रेकॉर्डरकडे पाहिलं.

"उद्या हाय," ते म्हणाले.

"म्हणजे उद्या बांधणार?"

"उद्या पत्रं मारतुया. लिवून घे. न्हाई, ह्यात बोललोच की मी."

"आणि गयाबाईंनी ही मागणी केली म्हणून त्यांना कामावरून काढलं, असं लोक म्हणतायत..."

"कोन म्हनतंय?" तात्या एकदम तापले. "माझी जुनी बाई हाय ती! तिला काडनारा कोन? उद्या सकाळी कामावर दिसंल बघ तुला!"

परत येताना रस्त्यात सुनंदा मला म्हणाली, "तुमचं माफीचं भाषण राहूनच गेलं की." इतकी वर्षं मला वाटायचं, मनापासून वाईट वाटणं हे फार मोठं काम आहे. माझ्या मुलीने त्यातलं काहीच केलं नव्हतं. तिने फक्त "कुठे आहे?" असं विचारलं होतं.

तात्यांनी शब्द पाळला. गयाबाई दुसऱ्या दिवशी कामावर होती, आणि चार दिवसांत पत्र्याचे दोन संडास उभे राहिले, दाराला कडीसुद्धा. आणि निवडणूक जवळ असल्यामुळे त्यांचं रीतसर उद्घाटन झालं. नारळ, हार, फीत! फीत कापायला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं होतं मला. ("तुमीच इषय काडला व्हता साहेब," तात्या म्हणाले.) माझ्या आयुष्यातलं हे एकमेव उद्घाटन. हार घालून मी पत्र्याच्या दारापुढे उभा राहिलो. मुक्ता रेकॉर्डर धरून समोर होती. गयाबाईने पहिल्यांदा आत जाऊन कडी लावून पाहिली, उघडून पाहिली, आणि बाहेर येऊन माझ्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"दादा, त्या दिवशीचं लटकं होतं. आता एकदा खरं वरडा बरं!"

सगळी साइट माझ्याकडे बघत होती. आमची अख्खी गच्चीही. मी मूठ वर केली. छाती भरून श्वास घेतला. "आमच्या मागण्या" हे शब्द अगदी ओठांपर्यंत आले, आणि नेमके तात्या समोरून माझ्याकडे बघून हसले. दुसऱ्या दिवशी टँकरचा वार होता.

"गणपती बाप्पाऽऽ!" मी ओरडलो.

"मोरयाऽऽ!" तात्यांसकट सगळे गरजले.

मुक्ताचा पॉडकास्ट तिथेच संपतो. तो मार्च महिना होता; गणपतीला अजून पाच महिने होते.