शंभर युनिटांची चूल

कृष्णकांत नेहेत्यांना स्वस्थ बसवत नसे. नोकरीत असतानाही नसे, निवृत्त झाल्यावर तर विचारूच नका. सदतीस वर्षांपूर्वी वरणगावच्या दारूगोळा कारखान्यातून बदली होऊन ते चेन्नईजवळच्या आवडीला आले, ते ‘दोन वर्षांत परत जाऊ’ असं बायकोला सांगून. बायकोचं नाव मीनाक्षी. नाव ऐकून गल्लीतल्या बायका पहिल्याच दिवशी तिच्याशी धाडधाड तमिळ बोलू लागल्या आणि ती बिचारी सहा महिने नुसती हसत राहिली. दोन वर्षं झाली, वीस झाली, इथेच घर झालं आणि परत जायची गोष्ट निघायची बंद झाली.

घरपट्टी, पाणीपट्टी, वीज, सगळ्यांचे दर या माणसाला तोंडपाठ. महापालिकेचा अर्थसंकल्प ज्या दिवशी पेपरात येई, त्या दिवशी चहा गार होई. कर वाढला की भडकत, नाही वाढला की ‘यात काहीतरी गोम आहे’ म्हणत. रोज सकाळी दात घासायच्या आधी ते मीटरचा आकडा बघून येत.

मुलाचं, अनयचं, लग्न ठरलं तेव्हा त्यांनी घरावर माडी बांधली आणि तिला वेगळा मीटर घेतला. कारण सरळ होतं. इथे घरगुती मीटरला दर दोन महिन्यांनी पहिले शंभर युनिट फुकट. दोन मीटर, दोनशे युनिट! ही त्यांची आयुष्यातली सगळ्यात मोठी मर्दुमकी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ती ऐकवत. माडीवर स्वयंपाकाचा ओटाही होता, पण त्यावर इस्त्री आणि जुने पेपर. जेवायला मात्र चौघं खालीच बसत. मीनाक्षीबाईंच्या हातचं लसणीच्या ठेच्याचं, झणझणीत खानदेशी जेवण. साडेआठला ताटं मांडली की कृष्णकांत जिन्यात उभे राहून ‘चला रे’ अशी हाक देत. ती हाक कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाई.

मग मार्चमध्ये गल्लीत बातमी आली. ईबीची, म्हणजे वीज मंडळाची, माणसं घरोघर फिरून बघताहेत. एकाच कुटुंबाचे दोन मीटर सापडले तर एक करणार. कुटुंबं दोन आहेत हे कशावरून ठरवायचं? स्वयंपाक वेगळा आहे का, यावरून.

त्याच दिवशी कृष्णकांत दोन बर्नरची शेगडी आणि छोटा सिलिंडर घेऊन आले.

“इंडक्शन नको, युनिट खातं,” ते सुनेला म्हणाले. “निधी, वरच्या ओट्यावर हे मांड. चार भांडी, दोन डबे ठेव. बघून गेले की उचलू.”

“अहो, काय बोलताय?” मीनाक्षीबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. “पोराची चूल वेगळी मांडायची? तीही आपल्या हातांनी?”

“देखाव्याला गं! शंभर युनिटांचा प्रश्न आहे.”

“मला नाही पटत,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

ईबीची माणसं दुसऱ्या दिवशी आली नाहीत. आठवड्यात आली नाहीत. कृष्णकांत गेटपाशी आत-बाहेर करत राहिले. शेगडी कोरी करकरीत दिसली तर संशय येईल, म्हणून त्यांनीच निधीला सांगितलं, “रोज थोडा चहा तरी करत जा.” निधीने चहा केला. मग अनयला ओरगडमच्या कारखान्याची बस पहाटे धरायची असते, म्हणून वरच उपमा होऊ लागला. मग एका संध्याकाळी वरून कुकरची शिट्टी ऐकू आली. कृष्णकांतांनी जिन्यातून हाक दिली, तर निधी कठड्यावरून वाकून म्हणाली, “बाबा, आज आम्ही वरच जेवतो. चिंचेचं वत्तकोळंबू केलंय.”

निधी बदलीवर चेन्नईत आलेल्या बँकेतल्या मराठी माणसाची मुलगी, इथेच वाढलेली. पाच वर्षं तिने तो ठेचा मुकाट्याने गिळला होता, आणि वर अँटासिडच्या गोळ्या. हे कृष्णकांतांना आता कळलं. तेही अनयकडून, सहज बोलता बोलता.

साडेआठला दोनच ताटं मांडली जाऊ लागली. मीनाक्षीबाई उरलेली दोन ताटं रोज पुसून परत फळीवर ठेवत, आणि तेच कृष्णकांतांना सहन होत नव्हतं. टाकीतलं पाणी बघायच्या निमित्ताने ते दिवसातून चारदा गच्चीवर जात. दारावरून जाताना आत दोघांचं हसणं ऐकू येई. ते जरा थांबत, खाकरत, आणि खाली येत. ‘शेगडी उचल’ हे दोन शब्द रोज ओठांपर्यंत येत. पण कोणत्या तोंडाने म्हणणार? मांडायला त्यांनीच लावली होती.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी, अकराच्या सुमारास, ईबीची बाई आली. नाव कनका, हातात फॉर्मचा गठ्ठा. तिने दोन्ही मीटर पाहिले.

“सार, वर तनी समयलआ? स्वयंपाक वेगळा आहे?”

महिनाभर पाठ केलेलं उत्तर होतं. पण कृष्णकांत एकदम म्हणाले, “नाही हो. एकच घर, एकच स्वयंपाक. मीटर एक करून टाका.”

मीनाक्षीबाई दारातच थबकल्या. कनकाही बघत राहिली. सकाळपासून पाहिलेल्या घरांत स्वतःहून शंभर युनिट सोडणारा हा पहिलाच माणूस. ती फॉर्म भरू लागली आणि कृष्णकांतांना कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास आला. एक मीटर, एक चूल. सरकारी कागदच तसं म्हणेल, मग निधी काय करील?

“बाबा, असं काय सांगताय?” निधी लॅपटॉपवरचं काम टाकून जिना उतरत होती. तिला वाटलं, म्हातारे गडबडले. ती कनकाशी भरभर तमिळमध्ये बोलली आणि तिला वर घेऊनच गेली. कृष्णकांत मागोमाग निघाले.

आत डोशाचं पीठ फुगून झाकणाला टेकलं होतं. खिडकीत कढीपत्ता, भिंतीला मसाल्यांची नवी फळी. दोन ताटं धुऊन पालथी घातलेली. कनकाने एवढंच पाहिलं आणि फॉर्मवरची खूण खोडून दुसरी केली.

“सार, काही काळजी करू नका. ही दोन कुटुंबं आहेत, स्पष्ट दिसतंय. तुमचे शंभर युनिट राहिले.”

“बघा, बाबा, वाचले ना!” निधी मनापासून हसली. तिच्या मनात काडीचं पाप नव्हतं. त्यामुळे रागावताही येईना.

खाली आल्यावर कनकाने फॉर्म पुढे केला. मालक म्हणून सही त्यांनाच करायची होती.

“खालच्या कुटुंबात माणसं किती, सार?”

कृष्णकांतांनी पेन हातात घेतलं आणि जिन्याकडे पाहिलं.

“दोन,” मीनाक्षीबाई म्हणाल्या. “दोन लिहा.”