मामाजींची खदान

आयुष्यभर टेकडी फोडून खाणारा आणि म्हातारपणी गवताच्या काडीला धक्का लागला तर माणसांवर खेकसणारा गृहस्थ जगात एकच असावा, आणि तो माझ्या वाट्याला बायकोचा मामा म्हणून आला आहे. घाटंजीकडच्या माझ्या सासुरवाडीत गावाबाहेर गिट्टीची खदान होती आणि मामाजी तिथे सुरुंग लावायचे. खदान बंद पडली, खड्ड्यात माती साचली, गवत आलं, गवतात तेरडा, कुर्डू, केना, रानतीळ आले. आता भादव्यात ती जागा अशी फुलते की गावात पाहुण्याला आधी खदान दाखवतात आणि मग चहा देतात. मामाजींच्या लेखी मात्र खदान कधी बंदच पडली नाही, फक्त माल बदलला.

अजूनही रोज सकाळी ते खाकी शर्ट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून आणि हातात लाल फडकं घेऊन कामावर जातात. सुरुंगांनी त्यांचे कान कामातून गेले आहेत, त्यामुळे बहिरे आपण नसून बाकीचं जग आहे अशा समजुतीनं ते बोलतात. खदानीची राखण सगळ्या गावानं वाटून घेतली आहे. बिया पडेपर्यंत गुरं सोडायची नाहीत, बायकांनी गाजरगवत उपटायचं, आणि कार्तिकात सगळ्यांनी मिळून एका दिवसात गवत कापून घरोघर पेंढ्या न्यायच्या. पण यातलं एकही काम मामाजींच्या शिट्टीशिवाय सुरू होत नाही. शिट्टी झाली की पाच मिनिटं काठावर थांबायचं, म्हणजे आतले लावे आणि ससे बाजूला होतात. "मानसाईले मी पाच मिनिटं देत होतो, पाखराईले काहून नाही देऊ?" हे त्यांचं म्हणणं. एकदा एक बकरी आत शिरली, तर मालकाला बोलावून त्यांनी बकरीदेखत समज दिली आणि मग बकरीला वेगळी. मी एकदा घाईनं आत पाय टाकला तेव्हा ते असे ओरडले की शेजारच्या कपाशीतली फवारणी थांबली. नंतर जावई म्हणून पान दिलं, ते वेगळं.

गेल्या भादव्यात मात्र प्रकरण गळ्याशी आलं. तालुक्याच्या एका साहेबांना ही जागा सुशोभित करावीशी वाटली. म्हणजे गवत खरवडायचं, फरशा बसवायच्या आणि मधोमध सिमेंटचं हरीण. सरपंचबाईंनाही हरीण पसंत होतं, कारण शेजारच्या गावात नुसता बगळा होता. मामाजींनी त्यांच्यापुढे उपरणं पसरलं, पण त्या म्हणाल्या, "मामा, आता मंजूर झालं ना बाप्पा!" ठरल्या दिवशी साहेब आले, हार आले, जेसीबी आला. त्याचे दात गवताला टेकणार तोच मामाजींनी काठावरून लाल फडकं उंचावलं, लांब शिट्टी मारली आणि आरोळी ठोकली, "सुरुंग हाय रे! पडा!"

हा गाव त्या आरोळीवर वाढलेला. विचार नंतर, आडवं होणं आधी. हारवाले आडवे, सरपंचबाई आडव्या, जेसीबीचा ड्रायव्हर गावचाच, तो यंत्र बंद करून त्याच्याखाली. साहेबांना काही कळलं नाही, पण सगळे आडवे असताना एकट्यानं उभं राहू नये एवढं त्यांना नोकरीनं शिकवलं होतं. मीही पडलो, खोटं कशाला बोलू! दुसरी शिट्टी झाल्याशिवाय उठायचं नाही हा नियम, आणि दुसरी शिट्टी द्यायचं सोडून मामाजी तंबाखू मळत बसले.

बराच वेळ गाव गवतात पालथा. शेवटी साहेब कुजबुजले, "हे निळं काय हो?"

"केना व्हय, साहेब. याच्या पानाचे भजे करतेत," सरपंचबाई म्हणाल्या.

"आणि हे पिवळं?"

बाई सांगत गेल्या. माहेरच्या शेताच्या धुऱ्यावर काय काय फुलायचं, आई कशाची भाजी करायची. सांगता सांगता त्यांचा आवाज मऊ झाला. जरा वेळानं त्या पडल्या पडल्याच म्हणाल्या, "साहेब, हरीण शाळेपुढं बसवू. अठी नको."

"कुठंही बसवा, पण आधी मला उठू द्या," साहेब म्हणाले. मग बाईंनी काठाकडे हात हलवून, "मामा, नाही होत बगीचा! वाजवा आता!" असं तीनदा ओरडून सांगितलं, तेव्हा कुठे दुसरी शिट्टी झाली.

त्या संध्याकाळी मी मामाजींची थट्टा करायला गेलो होतो. त्यांनी माझं बोट धरून खडकातल्या एका भोकात घातलं. आत ओली माती होती आणि तिच्यातून तेरडा वर आला होता.

"हे भोक माह्यं. बारुद भरली होती मी याच्यात. अशे लय हायेत," ते म्हणाले. "टेकडी होती अठी, जवाईबापू. माह्या बापानं बैल चारले तिच्यावर." आणि पहिल्यांदाच इतक्या हळू बोलले की मला कान पुढे करावा लागला. "तिनं मले माफ केलं असन काय?"

"केलं," मी म्हणालो. त्यांना ऐकू गेलं नाही. मी पुन्हा, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असा ओरडलो, "केलं, मामाजी, केलं!"

त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. म्हणाले, "तुम्ही त जवाई मानूस. तुम्ही तसंच म्हनान."