‘कुठून घेतली ठुशी?’

शमीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ऑफिसात परीक्षेचे फॉर्म तपासत होते. फोन तिच्या भावजयीचा, नसरीनचा होता. "आपा गयी," एवढंच ती म्हणाली. दुपारची नमाज झाली, शमीम कामाला बसली, मण्यांची वाटी पुढं ओढली आणि तशीच कलंडली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी साहेबांना सांगितलं आणि रिक्षा केली. विजापूर वेशीतल्या तिच्या घरापर्यंत जाताना मोबाईल सारखा वाजत होता. आमचा बायकांचा एक ग्रुप आहे, शाळेतल्या, कॉलेजातल्या, भिशीतल्या सगळ्यांचा मिळून. त्यावर धडाधड फोटो येऊन पडत होते. कुणाची ठुशी, कुणाची बोरमाळ, कुणाच्या सुनेचा पोहेहार. खाली हात जोडलेले. ‘ही माळ शमीमआपांनी करून दिली होती, कायम आठवण राहील.’ ‘असा हात सोलापुरात दुसरा नव्हता.’ मला रडू यायच्या ऐवजी असा संताप आला म्हणून सांगू... रिक्षावाल्यानं वळून बघितलं, कारण मी मोठ्यानं बोलले होते, "दोन वर्षं कुठं मेला होतात गं भवान्यांनो!"

त्याला सहा आठवडे झाले. संताप उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल शांतपणे लिहावं म्हणतात. लिहिणाऱ्यांनी लिहावं, मला नाही जमत.

शमीम पटवेकरी होती. म्हणजे मणी दोऱ्यात गाठवून दागिना करणारी. तिच्या अब्बांकडं लोक सोन्याचे मणी घेऊन यायचे आणि ठुशी, बोरमाळ गाठवून न्यायचे. पुढं सोनं सामान्य माणसाच्या आवाक्यातून गेलं आणि सोन्याचं पाणी दिलेले मणी आले, पण काम तेच राहिलं. मणी एकमेकाला असे भिडवायचे की मध्ये दोरा दिसता कामा नये. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा तिच्या खोलीत गेले तेव्हा तिनं माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही, गळ्याकडं बघितलं. म्हणाली, "तुझा गळा आखूड हाय. लांब माळा घालून कशाला मिरवतीस? ठुशी घाल की." नव्यानं आलेल्या गिऱ्हाइकाला असं कुणी बोलतं का? मी तणतणत घरी आले. दुसऱ्या दिवशी परत गेले आणि ठुशी सांगून आले. मैत्री झाली ती अशी, पहिल्याच दिवशी भांडून.

वेबसाइटचं खूळ माझं. तिच्या खोलीवर गिऱ्हाईक कमी व्हायला लागलं होतं. मशीनवर ओवलेल्या माळा गल्लोगल्ली मिळतात, आणि नवीन पोरी आधी मोबाईलवर बघतात, मग घराबाहेर पडतात. मी ऑफिसात कॉम्प्युटरवरच काम करते, थोडंफार येतं. तयार साच्यातली एक साइट मी रविवारी बसून उभी केली, तिच्या चटईवर दागिने मांडून फोटो काढले आणि म्हटलं, आता प्रत्येक दागिन्याला नाव दे. तिनं काय नावं द्यावीत? ‘नातेपुत्याच्या मास्तरीणबाईंची ठुशी.’ ‘सांगोल्याच्या डाळिंबवाल्या वहिनींची बोरमाळ.’ ‘कल्पनाची ठुशी, गळा आखूड.’ मी कपाळाला हात लावला. म्हटलं, अगं बाई, ठुशी शोधणारी बाई नातेपुत्याची मास्तरीण कशाला शोधेल? लोक टाइप करतात ‘हाताने गाठवलेली ठुशी’, ‘ठुशी सोलापूर’. तेच शब्द पानावर असले तर सर्च करणाऱ्याला आपण दिसणार. ती ऐकेचना. "ज्या गळ्यासाठी केली त्या गळ्याचं नाव नको? मग ते काय गोदाम हाय का?" शेवटी तह झाला. वर लोक शोधतात ते शब्द, खाली बाईचं नाव.

आठवड्याच्या आत फोन सुरू झाले. एकीचा, दुसरीचा, मास्तरीणबाईंचा तर दोनदा. सगळ्यांचं म्हणणं एकच, आमचं नाव काढा. कारण? कारण नणंदेला, जावेला, शेजारणीला त्यांनी सोन्याची म्हणून सांगितली होती. नाव दिसलं की पितळ उघडं पडणार. शमीम हसली आणि म्हणाली, "काढ गं. बायकांचं झाकून ठेवणं बी आमच्याच धंद्यात येतं." मी एकेक नाव पुसून टाकलं. ती शेजारी बसून बघत होती, आणि एवढं हसली तरी शेवटच्या दोन-तीन नावांना उठून मण्यांच्या वाट्या आवरायला लागली.

नावं गेली, पण मी हटले नाही. व्हिडिओ बघून बघून शिकले. प्रत्येक फोटोच्या फाईलला आकड्यांच्या जागी धड नाव दिलं, ठुशी कशी गाठवतात यावर तिच्याकडून समजून घेऊन पानं लिहिली, नकाशावर खोलीची खूण टाकली. साइट सर्चमध्ये पाचव्या पानावरून तिसऱ्यावर आली. आणि तिथंच अडकली, कारण गिऱ्हाइकांचे अभिप्राय नव्हते. सर्च करणाऱ्या यंत्राला काय कळतंय हातातलं कसब? चार माणसांनी नाव घेतलं तर ते म्हणतं, असेल बुवा काहीतरी. आणि एक दिवस मी ‘हाताने गाठवलेली ठुशी’ म्हणून शोधलं, तर पहिल्याच पानावर शमीमची ठुशी! मी ओरडलेच. पण साइट आमची नव्हती. मोठ्या शहरातल्या कुठल्याशा दुकानानं आमचा फोटो उचलून स्वतःच्या नावावर लावला होता. खाली चटईसुद्धा तीच, निळ्या काठाची, कोपऱ्यात उसवलेली. आणि त्या दुकानाखाली अभिप्रायांचा ढीग. शमीमनं मोबाईल डोळ्याजवळ नेऊन बराच वेळ बघितला. "माझी चटई," ती म्हणाली. मग म्हणाली, "ते काय नाय. मला वर यायचंय. माझी ठुशी शोधली की माझं नाव दिसायला पायजे. मरायच्या आधी एवढं कर." मरायच्या आधी हे ती सहज बोलली होती, आपण बोलतो तसं.

मधल्या काळात एका परगावच्या तज्ज्ञाचा फोन आला, महिन्यात पहिल्या पानावर आणतो म्हणाला. आम्ही भुललो. पंधरा दिवसांत साइटवर कौतुकाचा पूर आला. कुणी रिया, कुणी पूजा, कुणी मिसेस अमुकतमुक, सगळ्यांची भाषा एक. शमीमनं नसरीनकडून एकेक वाचून घेतलं आणि प्रत्येकीला विचारलं, ही कोण? ही कधी आली होती? मग उठली आणि त्या माणसाला फोन लावला. "ज्या बाईचा गळा मी बघितला न्हाय तिची शाबासकी मला नक्को. काढ सगळं." तो समजावत होता, सगळे असंच करतात म्हणून. ती म्हणाली, "सगळे मशीनवर बी ओवतात." मला त्या दिवशी तिचा राग आला होता. आता मुकाट्यानं कबूल करते, तिचं बरोबर होतं आणि मी मूर्ख होते.

मग खऱ्या बायकांकडं जायचं ठरवलं. ग्रुपवर मी हात जोडून लिहिलं, जिनं जिनं आपांकडून माळ घेतली तिनं साइटवर दोन ओळी लिहाव्यात, जमलं तर फोटो टाकावा. दोन वर्षं दर सणाला लिहिलं. अंगठे आले, फुलं आली, ‘नक्की लिहिते ताई’ आलं. अभिप्राय आले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तेही बाहेरगावच्या अनोळखी पोरींचे. अर्ध्या सोलापूरच्या गळ्यात तिचं काम, आणि एकीच्या तोंडून तिचं नाव निघेना. गळ्यात घालायला शमीम चालते, सांगायला सराफ लागतो!

आता माझ्यावर येते. टाळत होते, पण येते.

माझ्या लेकीचं लग्न झालं तेव्हा शमीमनं माझ्यासाठी नवी ठुशी गाठवली. लग्नाला आली ती ठेवणीतली हिरवी साडी नेसून, माझ्या शेजारीच उभी होती. अकलूजच्या आमच्या विहीणबाई आल्या, ऊसवाल्या घरच्या, अंगावर दागिने ठसठशीत. त्यांनी माझ्या ठुशीला बोट लावलं आणि विचारलं, "कुठून घेतली ठुशी? लई सुबक हाय." आणि मी... करणारी हातभर अंतरावर उभी असताना मी म्हटलं, "पुण्याच्या एका सराफाकडून." जीभ झडली नाही माझी. शमीमनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. विहीणबाईंना म्हणाली, "व्हय की. लई नामी सराफ हाय त्यो. मी बी बघितलंय त्याचं काम." आणि पंगतीत जाऊन जिलबी वाढायला लागली.

पुढं ती चटईची भानगड झाली तेव्हा तिनं मला एकदाच विचारलं होतं, "तू लिहितेस का गं दोन ओळी? फोटोसकट?" मी म्हटलं, लिहिते की, उद्या बसते. बसले नाही. जावई दिवसभर मोबाईलमध्ये, त्याच्या नजरेला पडलं तर अकलूजला काय तोंड दाखवू, हे डोक्यात. बाकीच्या बायकांना मी लाज सोडून लिहायला सांगत होते आणि माझी ठुशी कपाटात डबीत होती. शमीमनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिला कळलं होतं. भांडायला हवं होतं तिनं. एवढी तोंडाळ बाई, पहिल्या दिवशी माझ्या गळ्याचा उद्धार करणारी... या एका गोष्टीवर गप्प बसली याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

दफन झाल्यावर तिसऱ्या दिवशी मी साइटवर लिहिलं. नाव, आडनाव, लग्नातला फोटो. ‘ही ठुशी शमीमनं गाठवली. मी लग्नात सगळ्यांना पुण्याची म्हणून सांगितली. खोटं बोलले.’ आणि ग्रुपवर टाकलं, फोटो इथं टाकून हात जोडू नका, तिथं टाका, नाहीतर मी नावं घेईन. दोघी-तिघी ग्रुप सोडून गेल्या. बाकीच्या लिहायला लागल्या. घाबरून का होईना, लिहिलं.

संध्याकाळी अकलूजहून फोन. मी मनाची तयारी करूनच उचलला. विहीणबाई म्हणाल्या, "तुमी लिवलेलं वाचलं." मी म्हटलं, वाचलंत ना, आता काय बोलायचं ते बोला. पलीकडं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग हळूच, "लग्नात माझी बोरमाळ बघितली व्हती का तुमी? ती बी तिचीच हाय." त्यांनी ती सासरच्या माणसांना मुंबईची म्हणून सांगितली होती. म्हणजे आम्ही दोघी विहिणी एकमेकींच्या गळ्याकडं बघून मनात जळत होतो, आणि दोन्ही माळा करणारी मध्ये उभी राहून दोघींचंही झाकत होती. मला हसू आलं आणि त्या हसण्याचीच चीड आली. म्हटलं, "मग लिहा." त्या म्हणाल्या, बघते सवडीनं. मी म्हटलं, "सवड बिवड काही नाही. आत्ता लिहा. मी फोन धरून बसते." आणि बसले. त्यांनी नातीला हाक मारली, तिच्याकडून पान उघडून घेतलं आणि एकेक शब्द मोठ्यानं म्हणत स्वतःच्या बोटानं लिहिला.

साइट आता पहिल्या पानावर आहे, अगदी तळाला. ते चोरटं दुकान अजून आमच्या वर आहे. ‘हाताने गाठवलेली ठुशी’ शोधलं की शमीमचं नाव मात्र दिसतं. नसरीनला फोन येतात, ती काम घेते. तिचा हात चांगला आहे.

परवा हे सगळं नसरीनला सांगायला गेले. विहीणबाईंचं ऐकून ती उठून भिंतीकडं गेली. शमीम जिथं पाठ टेकून बसायची त्या जागेच्या वर खिळ्याला दोऱ्यांचा एक झुपका लटकतो. इतकी वर्षं मी तो उरलेला दोरा समजत होते. ती आमच्या गळ्यांची मापं होती. एकेका बाईचा एकेक दोरा, टोकाला कागदाच्या चिटोऱ्यावर नाव. नसरीननं झुपक्यातून दोन दोरे वेगळे काढले, माझा आणि अकलूजचा. दोन्ही एका गाठीत बांधलेले होते.

"लग्नाहून आल्या आल्या बांधले आपानं," नसरीन म्हणाली. "मी विचारलं का, तर म्हणाली, ह्या दोघींचं लई जमणार बघ. दोघी सारख्याच खोटारड्या."

मी ते दोरे मागितले. नसरीननं दिले नाहीत. मापं गिऱ्हाइकाला द्यायची नसतात म्हणाली, आणि परत खिळ्याला लावून टाकले.