दहा आकड्यांची हाक

शाळेत सगळे त्यांना टाळीबाई म्हणायचे. जिन्याखालची खोली त्यांची. आधी तिथे मोडकी बाकं ठेवायचे. आता दोन बुटक्या खुर्च्या, एक टेबल आणि करकरणारं दार. बोलायचं वय उलटलं तरी ज्यांना बोलणं फुटत नाही, अशी मुलं त्यांच्याकडे यायची. सत्तावीस वर्षं बाईंनी हेच काम केलं. तास सुरू करायच्या आधी त्या क्षणभर हात जोडत. "देवा, तोंड यांचं, शब्द तुझे."

प्रत्येक मुलाला त्या तीन गोष्टी आधी शिकवत. नाव, घर आणि घरचा फोन नंबर. कुणी आईबाप कुरकुरले, "बाई, एखादी कविता तरी शिकवा की," तर म्हणायच्या, "कवितेवाचून कुणाचं अडत नाही हो. पण हरवलं तर घरी पोचता आलं पाहिजे."

चिमी सात वर्षांची. शब्द मोजून अकरा. नाव आणि घर कसंबसं बसलं, पण नंबर काही केल्या बसेना. दर आकड्याला एक टाळी ही बाईंची नेहमीची रीत, तीही तिच्यापुढे हरली. मग बाईंनी एक युक्ती काढली. चिमीच्या आईला फोन घेऊन दाराबाहेर उभं केलं. चिमी आकडे म्हणणार, बाई तो नंबर लावणार, बाहेर घंटी वाजणार आणि दार उघडून आई आत येणार.

चौदा महिने लागले. ज्या दिवशी दहाही आकडे बरोबर आले, त्या दिवशी आई हसत आत शिरली. "बाई, घरी माझा हाका मारून घसा बसतो, ही ढिम्म हलत नाही. आणि मला मात्र टाळ्या वाजवून बोलावते! महाराणीच की नाही?"

बाईंनी वहीत चिमीच्या नावापुढे लिहिलं, 'शिकली.'

त्याच वर्षी तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत आई गेली.

पंधरवड्याने चिमी शाळेत आली. खुर्चीत बसली आणि कुणी न सांगता टाळ्या वाजवत दहा आकडे म्हणाली. एकही चुकला नाही. मग दाराकडे बघत राहिली. दार उघडलं नाही. आपलंच काही चुकलं असेल असं वाटून तिने पुन्हा सगळे आकडे म्हटले, या वेळी अगदी सावकाश.

बाईंच्या आता लक्षात आलं. मदत कशी मागायची ते आपण हिला शिकवायला गेलो, आणि ही शिकली की असं म्हटलं की आई येते.

दुसऱ्या आठवड्यात चिमीचे वडील आले. काचेच्या दुकानात कामाला असायचे. बोटांवर बारीक कापल्याच्या खुणा.

"बाई, काल ही घरातून निसटली. नाक्यावरच्या औषधवाल्यासमोर उभी राहून नंबर म्हणत होती. त्याने लावला बिचाऱ्याने. पण फोन कपाटात, बंद. परवा शेजारच्या दारात, काल नाक्यावर. उद्या कुठे जाईल? तिला माझा नंबर शिकवा."

"नवा शिकवला तर दोन्हींचा गुंता होईल. मग एकही उरणार नाही. तो नंबर चालू करा, फोन तुमच्या खिशात ठेवा."

वडील खाली मान घालून म्हणाले, "त्यात माझं नाव हिच्या आईने 'ऐकतच नाहीत' असं टाकलंय." हसायला गेले, पण ते जमलं नाही.

"आता ऐका," बाई हळूच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी फोन घेऊन वडील बाहेर उभे राहिले. बाईंनी सवयीने हात जोडले, पण मागायचं काय ते सुचेना. चिमीने आकडे म्हटले. बाईंनी नंबर लावला. बाहेर तीच जुनी घंटी वाजली, आणि महिनाभर न हसलेली पोर खुदकन हसून उठून उभी राहिली.

दार करकरलं. वडील आत आले.

चिमीने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या मागे, जिन्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी बापाला बाहेर ढकललं, दार लावलं, खुर्चीवर येऊन बसली आणि पहिल्यापासून टाळ्या सुरू केल्या.

"बाई, नको," बाहेरून आवाज आला. "मला नाही जमणार हे."

"जमवायला हवं, दादा. नाहीतर ही दारोदार तिला शोधत फिरेल."

बाईंनी पुन्हा नंबर लावला.

दुकानातून रोज अर्ध्या तासाची सुट्टी काढून वडील येत. रोज तीन-चारदा ढकलले जात आणि बाहेर उभे राहत. तिसऱ्या आठवड्यात ढकलणं थांबलं, पण मागे डोकावणं थांबेना.

मग एका मंगळवारी घंटी वाजली, दार उघडलं. चिमी हसली नाही. तिने वडिलांच्या मागे पाहिलं नाही. उठली, दप्तर खांद्याला अडकवलं आणि त्यांचं बोट धरलं.

"शिकली ना, बाई?" वडिलांनी विचारलं.

"शिकली."

दोघं गेल्यावर बाईंनी वही उघडली. चिमीच्या नावापुढे तो शब्द आधीच लिहिलेला होता. त्याच्याखाली त्यांनी तोच शब्द पुन्हा लिहिला, आणि बाहेर पुढचं मूल थांबलेलं असूनही बराच वेळ दार उघडलं नाही.