बैलाच्या खांद्याचं लोणी

"ए! ते बैलाचं लोणी हाय. तुह्या बापाचं नोहे!"

पटेल ओरडले. माझा डावा हात सदऱ्याच्या आत, उजव्या खांद्यावर. बोटाले लोणी अन् हळद. अंगणात पावणे बसले होते, आदिलाबादहून आलेला पटेलाचा जावई खुर्चीवर. सगळे मान वळवून पाहून राह्यले होते, जसा मी चोरच.

पोळ्याचा आदला दिवस होता. आमच्या तलमडुगुकडं त्या दिवशी बैलाची खांद मळतात. सालभर जू घासून बैलाचा खांदा सुजते. म्हणून तो गरम पाण्यानं शेकाचा, लोणी-हळद चोळाची, अन् बैलाले उद्याच्या जेवणाचं आवतण द्याचं. मी पटेलाचा सालदार. बैलाचं सारं मीच करो. चांद्या बैल डोळे मिटून उभा होता. त्याले बरं वाटून राह्यलं होतं. लहानपणापासून मीच वाढवला त्याले, मले समजे.

अन् माझा उजवा खांदा ठणकून राह्यला होता. फवारणीचा पंप त्याच्यावर, खताची पोती त्याच्यावर. किती साल झाले. हात छातीच्या वर जात नव्हता. सदरा घालाले बायको लागे. गावातला डॉक्टर सुई टोचे, दोन दिवस बरं वाटे, मंग पुन्हा तेच. पटेलाले सांगितलं तर म्हणे, "कामाचं नाव काढलं का याचा खांदा दुखते. जेवताना बरा चालते हात!"

तर चांद्याचं मळून झालं. दुसरा बैल बाकी होता. वाटीतलं बोटभर लोणी मी माझ्या खांद्याले लावलं. बस, एवढंच केलं.

पटेलानं वाटी उचलली अन् उकिरड्यावर फेकली. "बाटवलं सारं! आता दुसऱ्या बैलाले काय लावू?"

अरे, हात तोच होता! त्याच हातानं चांद्याले मळलं तवा नाही बाटलं. माझ्या कातडीले लागलं अन् बाटलं.

जावई हासला. "मामाजी, याले बी झूल घाला." सगळे हासले. पटेलाले चेव आला. त्यायनं काठीचं टोक माझ्या खांद्यात रोवलं. "दाखव, कुठं दुखते? इथं? का इथं?" अन् दाबलं. मी किंचाळलो. चांद्या बिचकला, त्यानं दावं हिसकलं.

पटेल लगेच त्याच्याकडं गेले. पाठीवर हात फिरवला. "भेऊ नको रे राजा. भेऊ नको."

मले एवढा राग आला का डोळ्यापुढं काही दिसेना. लाज बी वाटली. जल्मभर त्या माणसाच्या पुढं मान खाली घातली, त्याची लाज. मी दावं खाली ठेवलं. म्हनलं, "पटेल, तुमचं शेत या खांद्यानं बी ओढलं. दुसऱ्या बैलाची खांद तुमीच मळा." अन् निंगालो. मागून शिव्या आल्या. येऊ देल्या.

दुसऱ्या दिवशी गाव पोळ्यात, मी आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात. तिथं व्यायाम शिकवणारी एक तेलुगू ताई होती. तोडकं मराठी बोले. मी म्हनलं, मोठी सुई द्या. ती म्हणे, "आधी दुखणं समजून घ्या. मी हात लावू का?" मले पुसलं तिनं! माझ्या खांद्याले हात लावाच्या आधी मले पुसलं. मी तिथंच रडलो.

तिनं सांगितलं ते असं. आतली इजा कवाच भरली. पण चोर गेल्यावर बी कुत्रं भुकत राह्यते, तशा नसा भुकून राह्यल्या. एकदम गप होणार नाहीत. हात बांधून ठेवला तर खांदा आखडन, अंगावर घेऊन राबलं तर भडकन. रोज शेकाचं, रोज थोडा हलवाचा, अन् दुखणं चढाच्या आधी थांबाचं. घरी लिंबाच्या फांदीवरून दोर टाकला. डाव्या हातानं ओढतो, उजवा वर जाते. बायको बाजूले उभी राहून दम देते, "हळू!"

आता सालदारी नाही. रोजानं जातो. पंप घेत नाही, टोपलं अर्धं भरतो अन् दोन खेपा करतो. "आला अर्ध्या टोपल्याचा," म्हणतात. म्हणा ना! एका मालकानं हाकललं, दोघांनी ठेवलं. चूल कधी मंद जळते. तरी बी पंप घेत नाही.

परवा पटेलाचा निरोप आला. यंदाचा पोळा आला, चांद्या दुसऱ्या कोणाले खांद्याले हात लावू देत नाही, ये म्हणे. चांद्यासाठी जीव तुटला. खरंच तुटला. पण मी गेलो नाही. मंग माझ्या दारात पटेल सोता आले, काठी टेकत. म्हणे, "काऊन रे, एवढा माजला का? खांदा बरा झाला वाटते." अन् सवयीनं काठी उचलली.

मी उजव्या हातानं ती हवेतच धरली.

बरा नाही झाला. आता बी ठणकून राह्यला, उद्या बी ठणकन. पण काठी धरण्यापुरता वर जाते. पुन्हा कोणी उचलली तर पुन्हा धरीन, अन् मंग सोडणार नाही.